डेक म्हणजे ‘दोन तोंडांचा व्हेक्टर’ नव्हे

सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेत घटक ओळीने साठवायची दोन साधनं आहेत, व्हेक्टर आणि डेक. कॅम्पस इंटरव्ह्यूंचा हंगाम आला की ग्रुपवर त्यांच्याबद्दल एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडे बदलतात, आशय तोच: “सी प्लस प्लसमध्ये व्हेक्टर सोडा, डेक वापरा. व्हेक्टरचं सगळं तो करतो, वर पुढूनही घालता-काढता येतं. रीअलोकेशन नाही म्हणून वेगवान. मेमरी वाया जात नाही. इटरेटर कधी बिघडत नाहीत. आणि दोन टोकं वेगळी असल्यामुळे दोन थ्रेडना लॉकशिवाय चालतो.” गेल्या महिन्यात हाच मेसेज आमच्या टीममधल्या नव्या मुलाने मला पाठवला, खाली ‘खरंय का सर?’ असं विचारून. त्याला तुकड्यातुकड्यांत दिलेलं उत्तर इथे सलग लिहितोय.

आधी उच्चार. ‘डीक्यू’ नव्हे, ‘डेक’; पत्त्यांच्या कॅटाला इंग्रजीत म्हणतात तसाच. डीक्यू म्हणजे रांगेतून काढण्याची क्रिया, ती वेगळी.

“व्हेक्टरचं सगळं करतो.” नाही करत. व्हेक्टर म्हणजे मांडवातली एकच लांब पंगत, पाटाला पाट लागलेला. डेक म्हणजे तीच पंगत वेगवेगळ्या खोल्यांत बसवलेली, आणि कोणती खोली कुठे आहे त्याची यादी दाराशी टांगलेली. खोली म्हणजे ठराविक मापाचा मेमरी ब्लॉक, यादी म्हणजे त्या ब्लॉक्सच्या पॉइंटरांचा एक छोटा ॲरे. या ॲरेला ‘मॅप’ म्हणतात. की-व्हॅल्यूवाल्या मॅपशी त्याचा काही संबंध नाही.

जीसीसी या कंपायलरच्या लायब्ररीत एक ब्लॉक ५१२ बाइटचा असतो, म्हणजे चार बाइटचे १२८ इंट (पूर्णांक). इंडेक्स १००० वरचा आकडा हवा असेल तर व्हेक्टर सुरुवातीच्या पत्त्यात ४००० बाइट मिळवतो आणि मोकळा होतो. डेक आधी १००० ला १२८ ने भागतो: भागाकार ७, बाकी १०४. मग मॅपमधून त्या ब्लॉकचा पत्ता काढतो आणि तिथून १०४ घरं पुढे जातो. (पहिला ब्लॉक अगदी सुरुवातीपासून भरलेला आहे असं धरून, नाहीतर आधी तेवढी घरं मिळवावी लागतात.) दोन्ही हिशेब स्थिर वेळातच होतात, मेसेज लिहिणाऱ्याचं तेवढं बरोबर. पण ‘स्थिर’ म्हणजे ‘सारखा’ नव्हे, आणि घट्ट लूपमध्ये तो फरक जाणवतो.

खरी अडचण वेगाचीही नाही. डेकचा डेटा सलग नसतो, म्हणून त्याला डेटा हे मेंबर फंक्शनच दिलेलं नाही. पहिल्या घटकाचा पत्ता घेऊन तो सी भाषेतल्या एखाद्या फंक्शनला ‘हा घे ॲरे’ म्हणून देणारा कोड मी पाहिलाय. शंभर आकड्यांवर टेस्ट पास होते, कारण शंभर आकडे एका खोलीत मावतात. १२९ वा आला की फंक्शन भिंत ओलांडून भलत्याच मेमरीत शिरतं.

“रीअलोकेशन नाही म्हणून वेगवान.” रीअलोकेशन म्हणजे जागा भरली की मोठी जागा मागून सगळं तिकडे हलवणं. इथे आकडेच मांडू. दहा लाख इंट एकेक करून मागे घालायचे. जीसीसीचा व्हेक्टर भरला की दुप्पट होतो: १, २, ४ असं करत १०,४८,५७६ पर्यंत. एकूण २१ वेळा मेमरी मागितली आणि वाटेत साधारण साडेदहा लाख कॉप्या झाल्या, म्हणजे दर घटकामागे एक. संख्या आधी माहीत असेल आणि रिझर्व्ह केलंत (म्हणजे तेवढी जागा आधीच मागून ठेवलीत), तर मागणी एकदाच आणि कॉपी शून्य. डेक काय करतो? १२८-१२८ च्या खोल्या बांधत जातो. दहा लाखांना ७,८१३ खोल्या, म्हणजे ७,८१३ वेळा मेमरी मागणं, वर मॅप वाढवणं वेगळंच.

अर्थात घटक भलेमोठे असतील, कॉपी महाग असेल, तर पारडं डेककडे झुकतं. व्हेक्टर वाढताना जुनी आणि नवी अशी दोन्ही जागा काही क्षण धरून बसतो. डेकला ती गरज नाही. मेसेजमध्ये हे लिहिलं असतं तर मी काही बोललो नसतो.

बरं, या खोलीचं माप भाषेच्या स्टँडर्डने ठरवलेलं नाही. क्लँग या दुसऱ्या कंपायलरच्या लायब्ररीत ब्लॉक सहसा ४,०९६ बाइटचा. मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत फक्त १६ बाइट! म्हणजे इंट असतील तर खोलीत चार, आणि आठ बाइटपेक्षा मोठा घटक असेल तर खोलीत एकच. ती पंगत उरतच नाही, प्रत्येक पाहुण्याला स्वतंत्र खोली. जुन्या बायनरींशी सुसंगती मोडेल म्हणून ते माप बदलताही येत नाही. तेव्हा ‘डेक वेगवान’ हे वाक्य कुठल्या कंपायलरवर म्हणताय ते सांगितल्याशिवाय अर्धवटच.

“मेमरी वाया जात नाही.” ग्राफच्या गणितात एक लाख नोड आणि प्रत्येकाला शेजाऱ्यांसाठी एक रिकामा डेक द्या. जीसीसीत ६४-बिट मशीनवर डेक ऑब्जेक्ट स्वतः ८० बाइटचा. शिवाय रिकामा असला तरी तो जन्मतःच आठ घरांचा मॅप (६४ बाइट) आणि एक ब्लॉक (५१२ बाइट) मागून ठेवतो. मिळून ६५६. गुणिले एक लाख, म्हणजे एकही शेजारी न लिहिता साडेसहा कोटी बाइट गेले. रिकामा व्हेक्टर २४ बाइटचा, वेगळी मागितलेली मेमरी काहीच नाही. लाखाचे चोवीस लाख. स्टँडर्ड लायब्ररीतले क्यू आणि स्टॅक वेगळं काही सांगितलं नाही तर आतून डेकच वापरतात, त्यामुळे कोडिंगच्या स्पर्धेत ‘क्यूंचा ॲरे’ घेऊन मेमरी लिमिटवर आपटणाऱ्यांना कधी कधी कळतही नाही की खाल्लं कोणी.

“इटरेटर कधी बिघडत नाहीत.” इटरेटर म्हणजे एका घटकावरून पुढच्यावर सरकत जाणारी खूण. या वाक्यावर माझा जुना राग आहे. यानेच मला एकदा दोन रात्री जागवलं होतं.

स्टँडर्ड म्हणतं ते असं: डेकच्या कुठल्याही टोकाला नवा घटक घातला की आधीच्या घटकांचे रेफरन्स आणि पॉइंटर शाबूत राहतात, पण इटरेटर सगळे अवैध होतात. मधे घातला तर दोन्ही गेले. मेसेज लिहिणाऱ्याने रेफरन्सचा नियम इटरेटरला चिकटवलाय. फरक का, ते पंगतीवरून लगेच कळतं. नवी खोली जोडली म्हणून बसलेल्याला पाट सोडावा लागत नाही. पण दाराशी टांगलेली यादी भरली की नवी मोठी यादी करून जुनी फाडतात, आणि इटरेटर हा त्या यादीवर बोट ठेवून चालणारा वाढपी आहे. खोली संपली की पुढची कुठली, हे तो फाडलेल्या कागदात शोधतो.

माझ्या बाबतीत घडलं ते अगदी हेच. इंटचा डेक, सुरुवातीचा इटरेटर एकीकडे जपून ठेवलेला, दुसरीकडे मागून भर चालू. जीसीसीत नव्या डेकच्या आठ घरांच्या मॅपमधलं पहिलं वापरात येणारं घर असतं इंडेक्स ३ चं. म्हणजे ३ ते ७, पाच खोल्या, ६४० आकडे. ६४० वा आकडा बसवताना पुढच्या खोलीची सोय करावी लागते, मॅपला जागा उरत नाही, आणि आठाच्या जागी अठरा घरांचा नवा मॅप येतो. आमच्या टेस्टमध्ये पाचशे नोंदी होत्या. त्यामुळे टेस्ट कायम हिरव्या, आणि खऱ्या लोडवर प्रोग्राम कधी मरे, कधी निमूट चुकीचे आकडे देई. मोकळ्या केलेल्या जागेत दुसरं काही येऊन बसेपर्यंत जुना मॅप वाचताही येतो, म्हणून ते ‘कधी कधी’. शेवटी ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून चालवलं तेव्हा मिनिटभरात बोट चुकीच्या ओळीवर. लाज अशी की ओळ माझीच होती.

“दोन थ्रेडना लॉकशिवाय चालतो.” थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी कामं, आणि लॉक म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप. दावा साफ खोटा. दोन्ही टोकं एकाच मॅपवर उभी आहेत, आणि डेकमध्ये एकच घटक असेल तेव्हा पुढचं टोक आणि मागचं टोक ही एकच जागा असते. एक थ्रेड मागून घालतोय आणि दुसरा पुढून काढतोय, तर ती डेटा रेस, म्हणजे एकाच जागेवर दोघांची झटापट. लॉक लावा. हा गैरसमज बहुधा पायथन या भाषेतून आला असावा. तिथल्या कलेक्शन्समधल्या डेकबद्दल कागदोपत्री लिहिलंय की दोन्ही टोकांना घालणं-काढणं थ्रेड-सेफ आहे. पण तो डेक वेगळा: ६४-६४ घरांच्या ब्लॉक्सची दोन्हीकडून जोडलेली साखळी. तिथे मधला इंडेक्स मागितला की टोकापासून चालत जावं लागतं. नाव एक म्हणून स्वभाव एक नव्हे.

एवढं झोडपल्यावर एक कबुली द्यायला हवी. ‘डीफॉल्ट डेक’ हा सल्ला वेड्यांनी काढलेला नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सी प्लस प्लसचे नामवंत लेखक हर्ब सटर यांनीच ‘डेकला पसंती देण्याचा विचार करा’ असं लिहिलं होतं. १९९८ च्या स्टँडर्डने मात्र डीफॉल्ट म्हणून व्हेक्टरचं नाव घेतलं आणि टोकांना ये-जा जास्त असेल तिथे डेक सुचवला. २००४ मध्ये आंद्रेई अलेक्झांड्रेस्कू यांच्यासोबत लिहिताना सटरही ‘डीफॉल्ट व्हेक्टर’वर आले.

आणि डेकशिवाय अडतं अशा जागाही आहेत. म्युटेक्स (थ्रेडसाठीचं लॉक) मेमरीत हलवता येत नाही, म्हणून म्युटेक्सच्या व्हेक्टरमध्ये मागून एकेक जोडता येत नाही. डेकमध्ये येतं, कारण तिथे कोणाला पाटावरून उठवावं लागत नाही. बूलचा (खरं-खोटं एवढंच सांगणाऱ्या घटकांचा) व्हेक्टर बिट दाबून ठेवतो, त्यामुळे त्यातल्या घटकाचा खरा रेफरन्स मिळत नाही. बूलच्या डेकमध्ये मिळतो. सरकत्या खिडकीतलं कमाल काढायचं असेल तर मी आजही डोळे मिटून डेकच घेतो.

मेसेजच्या शेवटी एक ओळ असते: “इंटरव्ह्यूत डेक म्हणा, इंप्रेशन पडेल.” पडतं खरं. मग समोर मी असलो तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: डेकला रिझर्व्ह का नाही?