पाणी थंय, जावय हंय

बायको म्हणते, माझ्यावरचं ते व्हॉट्सॲप स्टेटस तिने केव्हाच काढून टाकलं. मला ते दिसत नाही, एवढंच खरं. काल कोथरूडच्या आमच्या किराणावाल्याने डाळ मोजता मोजता विचारलं, "साहेब, तुम्ही कोरड्यात होडी चालवता म्हणे?" म्हणजे फक्त माझ्यापुरतं लपवलेलं आहे.

तर गेल्या रविवारी सकाळी साडेसात ते साडेनऊ मी सासरवाडीला, मालवणजवळच्या कर्ली खाडीत, एका होडीत बसून होतो. होडीला नांगर होता. पाणी नव्हतं.

मूळ दोष साडूचा. तो फ्लोरिडात असतो आणि तिथल्या उथळ खाड्यांत मासे धरतो. त्याच्या बोटीच्या मागच्या बाजूला टोळाच्या तंगड्यांसारखे दोन हायड्रॉलिक दांडे आहेत. रिमोटचं बटण दाबलं की ते घुं करत खाली जातात, तळात रुततात आणि बोट जागच्या जागी ठाम. दोरी नाही, साखळीचा खडखडाट नाही, मासे बिथरत नाहीत. याच जातीतला गरीब भाऊ म्हणजे हातातला पोल: फायबरचा, आठ फुटी, निळाशार, एका टोकाला टोक आणि दुसऱ्या टोकाला आडवी मूठ. तो तळात खुपसायचा आणि होडी त्याला बांधायची. मागच्या खेपेला साडूने तो माझ्यासाठी आणला. मला व्हिस्की चालली असती.

पण कल्पना चांगली आहे हो. हे मी आजही, एवढं सगळं होऊनही, म्हणतो. साध्या नांगराला पाण्याच्या खोलीच्या पाच ते सातपट दोरी सोडावी लागते, नाहीतर तो धरत नाही, नुसता घसटत येतो. म्हणजे मीटरभर पाण्यात पाच-सात मीटर दोरी आणि तेवढ्या घेरात होडीची रिंगणं. तुम्ही गळ टाकता कांदळवनाच्या मुळांशी, तांबोशी माशाच्या दारात, आणि पाच मिनिटांनी बघता तर होडीने पाठ फिरवलेली. पोलला ही भानगड नाही. पूर्वी लोक दगडाला भोकं पाडून नांगर करायचे. द्वारकेच्या समुद्रात असे तीन-तीन भोकांचे दगडी नांगर सापडले आहेत. त्या काळीही कुणाचा तरी साडू दुसऱ्या बंदरातून नवा दगड घेऊन आला असेल आणि "हा वापरून बघ" म्हणाला असेल.

पहाटे सासऱ्यांना विचारलं, "खाडीला पाणी आहे ना?" ते म्हणाले, "आसा." होतंच. साडेपाचला होतं. साडेसातला असेल का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. भरतीचा हिशोब कोकणात शेंबड्या पोराला येतो: तिथीची पाऊणपट करायची. त्या दिवशी वद्य तृतीया, तीन पाऊणे सव्वादोन, म्हणजे सव्वादोनच्या सुमाराला भरती आणि सव्वाआठच्या सुमाराला पुरती ओहोटी. मालवणकडे त्याहून जरा आधीच. पण पौर्णिमेला तीन दिवस झालेत, पाणी अजून उधाणाचं आहे, झपाझप उतरणार, हे पुण्याच्या माणसाला कोण सांगणार? मी कॅलेंडरात तिथी बघतो ती संकष्टी कधी आहे म्हणून.

मेव्हण्याच्या होडीत एक बांबू कायम असतो. तो मी किनाऱ्यावरच काढून ठेवला. अडचण नको म्हणून.

तीन फूट पाणी बघून मी पोल खुपसला, छान दोन फूट चिखलात गेला, आणि दोरी आवळून बांधली. आवळून बांधायची नसते. पाणी उतरलं तशी होडी खाली, दोरी वर, आणि मधला पोल धनुष्यासारखा वाकत चाललेला. मला वाटलं ओढ लागली, मोठा मासा असणार. गाठ सोडली तशी मुठीने सपकन माझी टोपी उडवली. टोपी चिखलात पडली आणि बुडाली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

होडी एका अंगावर कलंडली होती. उतरायला पाय टाकला तर तो गुडघ्यापर्यंत गेला, वर आला तेव्हा चप्पल आली नाही. मी परत चढून बसलो, कलत्या बाजूला पाठ टेकून, जणू असंच बसायचं असतं.

आणि मावशी आली.

साठीच्या पुढची. काष्टा मारलेला, कमरेला टोपली, हातात कोयता. चिखलातले खुबे, म्हणजे शिंपले, काढत काढत, वाकून, सावकाश, माझ्याच दिशेने. ज्या चिखलाने माझी चप्पल खाल्ली त्यावरून ती अंगणातून यावी तशी आली. होडीपासून दोन हातांवर थांबली आणि कंबर सरळ केली.

"वाडीतले जावय मां तुमी?"

"हो."

"हंय काय करतास?"

"मासे धरतोय."

तिने होडीच्या चारी बाजूंना बघितलं. अगदी मनापासून, काही राहून तर जात नाही ना अशा काळजीने. "खंय आसत?"

मी काही बोललो नाही. तिने पोलकडे मान केली. "ह्यो खुंटो कसलो?"

"नांगर आहे तो."

"नांगर?" ती जरा थांबली. "मगे आता हंय भात लावतल्यात काय?"

हा विनोद तिने पाडला की तिला खरंच शंका आली, हे मला अजून कळलेलं नाही. चेहरा शेवटपर्यंत पाटीसारखा कोरा होता. मी तिला समजावू लागलो. हो, मी समजावू लागलो! उथळ पाण्यात दोरीचा नांगर कसा फिरतो, हा कसा फिरत नाही, अमेरिकेत तर बटणावर चालतात. तिने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एक खुबा काढून टोपलीत टाकला.

"म्हणजे होडी पळान जाव नये म्हणान?"

"हो."

"नाय जावची," ती म्हणाली. "पाणी थंय, नि तुमी हंय. सासऱ्यान सांगूक नाय?"

इथे माझा आवाज थोडा चढला हे मान्य करतो. नाही सांगितलं मावशी, कुणीच नाही सांगितलं! आणि तिच्या खांद्यावरून मला दिसलं, बांधावर सासरे, मेव्हणा आणि शेजारची दोन मुलं ओळीने बसली होती. चहा आला होता त्यांचा. हाक मारायचं अंतर होतं. सतरा वर्षं या घरचा जावई आहे मी. दर दिवाळीला मोती साबण आणि चकलीचा डबा घेऊन येतो. एक हाक!

एवढ्यात पात्रातून डॉल्फिन दाखवायला नेलेली एक बोट परत आली. नारिंगी जॅकेटं घातलेले पंधरा-वीस पर्यटक. डॉल्फिन बहुतेक दिसले नव्हते, कारण माझ्यासमोर बोटवाल्याने इंजिन हळू केलं. मोबाइल वर झाले. एका लहान मुलीने टाटा केला. मावशीने केला परत. मग मलाही करावा लागला.

बोट गेल्यावर मी म्हटलं, तुमचं बरं आहे, तुम्हाला तळ पाठ असेल.

"आदी होतो," ती म्हणाली. आधी इथून पलीकडच्या वाळूपर्यंत कुठे घोटा, कुठे गुडघा, डोळे मिटून सांगायची. आता रात्री वाळू काढतात, सकाळी तिथे खड्डा असतो, वरून पाणी सगळीकडे सारखंच दिसतं. मागच्या वर्षी ती गळ्यापर्यंत गेली होती. खुबेही निम्म्यावर आलेत. हे तिने मघाच्याच आवाजात सांगितलं, भाताचं विचारलं होतं त्याच. मी काय बोलणार? तक्रार अर्ज द्या म्हणालो. ती म्हणाली, दिलेत. मग आम्ही दोघं थोडा वेळ पोलकडे बघत राहिलो.

मी तो उपटायला लागलो, निदान तेवढं तरी. दोन्ही हातांनी, पाय होडीच्या काठाला लावून. पोल हलला नाही, होडी मात्र आणखी कलली.

"ओढू नकात. चिखलान धरल्यान तर सोडणा नाय. फिरवा."

तिने स्वतःच मूठ धरली, दोनदा अलीकडे, दोनदा पलीकडे पिळली. कडेने पाणी आत शिरलं, बुळुक असा आवाज झाला आणि अमेरिकन माल तिच्या हातात आला. तिने तो तोलून बघितला. टोक खाली करून चिखलात टेकला, तो गप्पकन आत गेला, तशी नापसंतीने मान हलवली. मग उलटा केला. मुठीची बाजू टेकली, ती वरच राहिली.

"ह्यो बरो. पुढे खड्डो आसा काय बघूक."

मागितला नाही तिने. मी देतोही म्हणालो नाही. टोपली कमरेवर सारखी करून, पोलने पुढचा चिखल ठोकत ती निघाली, आणि माझ्या टोपीजवळून जाताना ती उचलून होडीत टाकली.

साडेनऊला पाण्याने होडी उचलली. बांधावर पोचलो तेव्हा सासरे म्हणाले, "इलास?"

काल मेव्हण्याने फोटो पाठवला. मावशी खाडीत, गुडघाभर पाण्यात, हातात निळा पोल. साडू महिनाभर मागे लागला होता, वापरतानाचा फोटो पाठव म्हणून, तर मी तोच पुढे पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं.

"त्यांनी उलटा धरलाय."