‘ठोके मोजा, गीगाहर्ट्झने भागा’: हा मेसेज पुढे ढकलण्याआधी

आमच्या ऑटोमेशनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज चार वेळा आला. मजकूर थोडक्यात असा: ‘वेळ मोजायला ऑपरेटिंग सिस्टमची फंक्शन्स वापरू नका, ती संथ आणि ढोबळ असतात. प्रोसेसरमधला टाइम स्टॅम्प काउंटर थेट वाचा, एका ओळीचं काम आहे. दोन आकड्यांतला फरक प्रोसेसरच्या गीगाहर्ट्झने भागला की नॅनोसेकंद हातात. मल्टिकोरची भीती जुनी झाली, आता सगळे कोर एकच आकडा देतात. तरी शंका असेल तर प्रोग्रॅम एका कोरला बांधून टाका.’ खाली पाचपंचवीस अंगठे आणि एकाचं ‘एक नंबर, सर’.

मी कुपवाड एमआयडीसीत टेस्ट बेंचची सॉफ्टवेअरं लिहून पोट भरतो. टाइम स्टॅम्प काउंटर म्हणजे प्रोसेसरच्या आत ठोके मोजत सतत वाढत जाणारा आकडा. तो थेट वाचायचा सल्ला कोणी द्यायच्या आधीच मी स्वतःच्या अकलेने वापरला होता आणि सपशेल तोंडावर पडलो होतो.

आधी मल्टिकोरचंच घेऊ, म्हणजे एका प्रोसेसरमध्ये अनेक कोर, स्वतंत्रपणे काम करणारे मेंदू, असण्याचं; कारण खरी गंमत तिथे आहे. एका वर्कशॉपात सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेच्या कॉइलने उघडणारे व्हॉल्व्ह, तपासायचा बेंच होता. कॉइलला करंट सोडल्यापासून पलीकडचा प्रेशर स्विच लागेपर्यंत किती मिलिसेकंद गेले, एवढंच मोजायचं. चांगला व्हॉल्व्ह वीसच्या आसपास, पंचविसाच्या वर गेला की बाद. कॉम्प्युटर सेकंडहँड, आत एएमडीचा अ‍ॅथलॉन ६४ एक्स२, म्हणजे दोन कोरवाला. माझ्या प्रोग्रॅमचा एक थ्रेड, म्हणजे स्वतंत्र चालणारा भाग, आदेश द्यायचा, दुसरा स्विचवर डोळा ठेवून बसायचा, आणि दोघंही आपापल्या जागी टाइम स्टॅम्प काउंटर वाचायचे. दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी बेंचवरच्या मामांनी हाक मारली, ‘सायेब, ह्यो व्हॉल्व लई श्याना हाय. आपण बटन दाबायच्या आधीच उघडतोय!’

स्क्रीनवर आकडा होता वजा ४१.३. आणि त्याच्या शेजारी हिरव्या रंगात ‘पास’. बरोबरच आहे की, वजा ४१ हे पंचविसापेक्षा कमीच!

अर्धा दिवस मी वायरी हलवल्या, अर्थिंग तपासलं, इनपुट कार्ड बदललं. दोष कार्डाचा नव्हताच. त्या प्रोसेसरच्या प्रत्येक कोरला स्वतःचा वेगळा काउंटर होता. कोरला काम नसलं की वीज वाचवायला त्याची गती उतरायची, आणि त्याच्याबरोबर त्या एकट्याचा काउंटर मागे पडायचा. माझा आदेश एका कोरच्या घड्याळात नोंदला जात होता आणि उत्तर दुसऱ्याच्या. सांगली–मिरज सिटी बस विश्रामबागच्या दुकानातल्या घड्याळात सुटली आणि मिरजेच्या स्टँडवरच्या घड्याळात पोहोचली, तर तीच गत. मिरजेचं घड्याळ अर्धा तास मागे असेल तर बस सुटायच्या आधीच पोहोचलेली असते.

हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. २००५ साली हे प्रोसेसर आल्यावर बऱ्याच गेम आणि मोजमापाच्या प्रोग्रॅमना हाच झटका बसला. एएमडीने त्यासाठी ड्युअल-कोर ऑप्टिमायझर नावाची दुरुस्ती काढली. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर तेव्हाच्या विंडोज एक्सपीचं क्वेरी परफॉर्मन्स काउंटर हे अधिकृत फंक्शनही अशा मशिनवर आतून हाच काउंटर वाचायचं आणि तितकंच गंडायचं. मेसेज लिहिणाऱ्याचा सिस्टमवरचा राग तिथवर मला पटतो.

‘आता सगळे कोर एकच आकडा देतात’ हे अर्धं खरं आहे. इंटेलच्या २००८च्या नेहालेम पिढीपासून काउंटर ठराविक गतीनेच चालतो. कोर झोपला, जागा झाला, टर्बोत म्हणजे छापील गतीच्या वर गेला, त्याला फरक पडत नाही. एएमडीकडेही तसंच झालं. पण सारख्या गतीने चालणं वेगळं आणि सारखीच वेळ दाखवणं वेगळं. दोन घड्याळं अगदी एका चालीने चालतात, पण एक पाच मिनिटं पुढे लावलेलं आहे, असं असू शकतंच की! दोन सॉकेटच्या, म्हणजे दोन वेगळे प्रोसेसर बसवलेल्या, सर्व्हरवर दोन प्रोसेसरांचे काउंटर एकाच क्षणी शून्यापासून सुरू होतीलच असं नाही. काही बायोस (मशिन सुरू करणारं सॉफ्टवेअर) काउंटरमध्ये परस्पर ढवळाढवळ करतात. व्हर्च्युअल मशिन (सॉफ्टवेअरने बनवलेला कॉम्प्युटर) एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवलं तर खालचा प्रोसेसरच बदलतो. लिनक्स सुरू होताना कोरांचे काउंटर एकमेकांशी ताडून बघतो आणि संशय आला तर हा काउंटर अस्थिर म्हणून बाजूला ठेवून दुसरं घड्याळ घेतो. मेसेजमधली ती एक ओळ यातलं काही तपासत नाही. आकडा येतो, तो खरा मानायचा.

आता भागाकार. माझ्या लॅपटॉपवर २.६ गीगाहर्ट्झ असं छापलंय. आतला काउंटर सेकंदाला २६० कोटी नव्हे, २५९ कोटी २० लाख ठोके देतो, कारण तो २४ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाला १०८ने गुणून चालतो. छापील आकड्याने भागलं तर तासाला ११ सेकंदांचा फरक पडतो. वीस मिलिसेकंदांच्या व्हॉल्व्हला त्याने काही होत नाही, हे मान्य. पण तासभर चालणाऱ्या मोजणीत ११ सेकंद चुकवायचे आणि वर नॅनोसेकंदाच्या गप्पा मारायच्या? शिवाय टास्क मॅनेजर ४ गीगाहर्ट्झ दाखवतोय म्हणून चारने भागणारेही मी पाहिलेत. टर्बोमध्ये कोर पळतो, काउंटर नाही. जुन्या प्रोसेसरांवर उलट रड होती: काउंटर कोरबरोबर पळायचा आणि थांबायचा, त्यामुळे कोणत्याही एका आकड्याने भागणं चूकच.

‘सिस्टमची फंक्शन्स संथ’ ही कीर्ती कुठून आली तेही बघण्यासारखं आहे. विंडोजचं गेट टिक काउंट साधारण १५.६ मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी चढतं, सेकंदाला ६४ पायऱ्या. वीस मिलिसेकंद त्याने मोजणं म्हणजे हळदीच्या पोत्याच्या काट्यावर केशर तोलणं. तिथे तक्रार रास्त आहे. मदरबोर्डवरचे टायमर वाचायलाही प्रोसेसरला बाहेर जावं लागतं आणि एका वाचनाला मायक्रोसेकंदाच्या घरात वेळ जातो. पण आज प्रोसेसर धड असेल तर लिनक्सचं क्लॉक गेट टाइम आणि विंडोजचं क्वेरी परफॉर्मन्स काउंटर आतून तोच टाइम स्टॅम्प काउंटर वाचतात, तेही कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात, न शिरता. खर्च दहापन्नास नॅनोसेकंदांचा. म्हणजे सिस्टमला वळसा घालून जे मिळवायचं, ते सिस्टम तपासून, गती मोजून, भागून देतेच आहे.

ज्यांना खरोखरच प्रोसेसरच्या पाचपन्नास सूचनांचा वेळ मोजायचाय त्यांनी जरूर थेट वाचावं. पण मग आधुनिक प्रोसेसर सूचना मागेपुढे करून चालवतो हे धरावं लागतं. काउंटर वाचायची सूचना मोजायच्या कामाच्या आधीच सरकू शकते. तिला अडवायला शेजारी कुंपणाची सूचना लागते. मेसेजमधल्या ओळीत ती नाही, त्यामुळे ज्यांच्यासाठी ती ओळ उपयोगाची, त्यांनाही ती चुकीचीच उत्तरं देणार.

एका कोरला बांधायचा उपाय मी त्या बेंचवर करून पाहिला. वजा आकडे गेले. पण आदेश देणारा आणि डोळा ठेवणारा, दोघांना आता एकाच पाटावर बसायचं होतं, म्हणून अधूनमधून दहावीस मिलिसेकंदांची उडी दिसायला लागली. रोग गेला, रोगी लंगडा झाला.

याच मेसेजखाली कोणी तरी ‘सरळ तारीख-वेळ घ्या आणि वजाबाकी करा’ असं सुचवलंय. तेही नको. भिंतीवरचं घड्याळ इंटरनेटवरून दुरुस्त होतं आणि मधेच मागेही सरकतं. लिनक्सवर मोनोटॉनिक घड्याळ मागा, ते मागे जात नाही.

माझा बेंच शेवटी सुटला तो एक्सपीच्या बूट फाइलमध्ये पीएम टायमर वापरायचा एक शब्द घालून आणि क्वेरी परफॉर्मन्स काउंटरवर परत येऊन. तो टायमर मदरबोर्डवर बसलेला, सेकंदाला ३५ लाख ७९ हजार ५४५ ठोक्यांचा. अमेरिकन रंगीत टीव्हीच्या रंगलहरीचा हा आकडा, स्वस्त स्फटिक मिळतात म्हणून कॉम्प्युटरात आला आणि राहिला. एक ठोका ०.२८ मायक्रोसेकंदाचा. टाइम स्टॅम्प काउंटरपुढे अगदी गावठी, पण दोन्ही कोरांना मिळून एकच.

मग मामांचं रजिस्टर उघडलं. वजा ४१.३ त्यांनी इमानेइतबारे लिहून पुढे ‘ओके’ केलं होतं. त्या आकड्याला मी आजही धन्यवाद देतो, कारण तो निदान खोटा दिसत तरी होता. वरच्या रांगांत १९.८, २१.१, १८.४ असे सभ्य आकडे होते, आणि त्यांतले कोणते खरे हे सांगायला काहीच मार्ग नव्हता. दोन क्रेट व्हॉल्व्ह परत बेंचवर चढवले. त्यात तीन पंचविसाच्या वर निघाले.