मिनी यूपीएस 'लावा आणि विसरा' म्हणे!

पाऊस सुरू झाला की एक मेसेज ग्रुपवर फिरायला लागतो. गावचं घर बंद आहे, कॅमेरे लावलेत आणि लाईट गेली की नेट जातं? मग राउटरला 10,400 एमएएचचा मिनी यूपीएस, म्हणजे छोटी बॅकअप बॅटरी, लावा, 8 तास बॅकअप मिळेल, सोबत वायफायवरून चालू-बंद होणारा एक स्मार्ट प्लग घ्या, राउटर हँग झाला तर मोबाईलवरून रिस्टार्ट मारा, लावा आणि विसरा. आमच्या गोव्यात पेडणे, सत्तरी, काणकोण, सगळीकडे घराला कुलूप आणि माणसं मुंबईला नाहीतर गल्फात, त्यामुळे फॉरवर्डही जोरात होतो. मिनी यूपीएस घ्याच, वस्तू चांगली आहे, पण बाकीचं जरा बघू.

आधी ते 8 तास. 10,400 हा आकडा आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचा असतो, तुमच्या 12 व्होल्टच्या राउटरचा नाही. म्हणजे सगळे मिळून साधारण 38 वॉट-अवर, त्यात 12 व्होल्टवर चढवताना थोडे जातात, हातात 32-33 उरतात. राउटर 7 वॉट खातो आणि फायबरचा ओएनटी, म्हणजे फायबरची तार जिथे येते तो डबा, वेगळा असेल तर तो अजून 5, भागून बघा, पावणेतीन तास. आणि एकदा माड तारेवर पडला की लाईट किती वेळात येते ते इथल्या माणसाला सांगायला नको.

राउटर चालू म्हणजे नेट चालू, हेही मेसेजने गृहीतच धरलंय. फायबरच्या वाटेत एक तार अनेक घरांत वाटणाऱ्या स्प्लिटरला वीज लागत नाही हे खरं, पण काही केबलवाल्यांचा स्विच किंवा कन्व्हर्टर मधेच कुठेतरी खांबावर असतो आणि त्याला बॅकअप नसेल तर राउटरचे दिवे पेटलेत आणि नेट मात्र नाही अशी गंमत होते. कनेक्शन घेतानाच त्याला विचारून घ्या.

स्मार्ट प्लगवर तर हसूच येतं. एक तर तो त्याच वायफायवर, राउटर थेट त्याच्यावर असेल आणि मुंबईतून ऑफ दाबलं, झाला ऑफ, आता ऑन कोण दाबणार, शेजारचे काका? आणि नेटच अडकलं असेल तर तुमचा ऑफही त्याच्यापर्यंत पोचत नाही. दुसरं म्हणजे मेसेजप्रमाणे यूपीएसही लावला तर प्लग भिंतीला, त्याच्यापुढे यूपीएस, त्याच्यापुढे राउटर, मग प्लग बंद केला तरी राउटर बॅटरीवर मजेत चालूच राहणार, रिस्टार्ट होतोच कुठे! एकाच मेसेजमधल्या दोन वस्तू एकमेकींना हाणून पाडतात. इथे राउटरने स्वतःच स्वतःला उठवायला हवं. बऱ्याच राउटरमध्ये ठरलेल्या वेळी रिबूटची सोय असते, पहाटे 4 ची लावून ठेवा, आणि राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर असेल तर त्यात वॉचकॅट हा छोटा प्रोग्रॅम टाका, बाहेर पिंग, म्हणजे नेट चालू आहे का बघणारी हाक, जात नसेल तर तो आपणच रिबूट मारतो. राउटर पारच गोठला तर मात्र यूपीएस आणि राउटरच्या मधे 12 व्होल्टचा टायमर रिले लागतो, रोज मिनिटभर वीज तोडणारा.

राहिलं 'विसरा'. बंद घरातल्या राउटरची खरी परीक्षा लाईट जाते तेव्हा होत नाही, सगळं मरून लाईट परत येते तेव्हा होते. काही मिनी यूपीएस बॅटरी पूर्ण संपली की बंद पडतात आणि लाईट आली तरी कोणी बटण दाबेपर्यंत आउटपुट देत नाहीत. म्हणून घरात असतानाच मेन काढा, राउटर विझेपर्यंत थांबा, वर अजून तासभर जाऊ द्या, मग मेन लावा आणि कशालाही हात न लावता बघत बसा. आपोआप नेट आलं तर ठीक, नाहीतर तो यूपीएस परत करा.

आणि कॅमेरे व्हीपीएनवरून, म्हणजे घरच्या नेटपर्यंतच्या खाजगी बोगद्यातून, बघत असाल तर अजून एक. साध्या राउटरला घड्याळाची बॅटरी नसते, विझून उठला की त्याची तारीख मागे गेलेली असते, मग व्हीपीएनचं सर्टिफिकेट चालत नाही, वायरगार्ड नावाचं व्हीपीएनसुद्धा जुन्या वेळेचा हँडशेक, म्हणजे जोडणीची पहिली ओळख, नाकारतं. त्यामुळे नेटवरून वेळ आणणारा एनटीपी त्या बोगद्यातून नको, सरळ बाहेरून जाऊ दे.