शनिवारच्या ऑपरेशनआधी विचारायचा प्रश्न

ठरवून करायच्या ऑपरेशनची तारीख आपल्याकडे घरच्यांच्या सोयीने पक्की होते. पुण्याला नोकरी करणारा मुलगा शनिवारी येऊ शकतो, सुनेला रजा टाकावी लागत नाही, आजरा-चंदगडकडच्या पाहुण्यांना रविवारी कोल्हापुरात येऊन भेटून जाता येते, आणि मध्ये अमावास्या नसली की दिवस ठरतो. या सोयीत गैर काहीच नाही. पण त्या दोन दिवसांत दवाखान्यात कोण हजर असणार, हे कोणी विचारत नाही, याची मला मनापासून काळजी वाटते.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील ४१ लाखांहून अधिक नियोजित शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. सोमवारच्या तुलनेत शनिवार-रविवारी शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ८२ टक्क्यांनी, तर शुक्रवारी झालेल्यांमध्ये ४४ टक्क्यांनी जास्त आढळली. मुळात हा धोका लहान, एकूण हजारी सातच्या आसपास. शिवाय सुट्टीच्या दिवशीचे रुग्ण संख्येने थोडे आणि कदाचित वेगळ्या प्रकारचे असतात, म्हणून ८२ टक्क्यांवर मी भर देणार नाही. मला शुक्रवारचा आकडा अधिक बोलका वाटतो. शुक्रवारी ऑपरेशन थिएटरमध्ये सगळे असतात. माणसे कमी पडतात ती पुढच्या दोन दिवसांत, आणि गंभीर गुंतागुंत बऱ्याचदा पहिल्या ४८ तासांतच सुरू होते.

हे आकडे कोल्हापूरला जसेच्या तसे लागू होत नाहीत. दवाखान्याच्याच वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सर्जनला रविवार आणि बुधवार सारखाच असतो. उलट जिथे सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघेही बाहेरून येतात, तिथे रविवारी रात्री दोन वाजता पेशंटचे बीपी उतरले तर कोण येणार आणि किती वेळात, हे आधीच विचारले पाहिजे. सोनोग्राफी, लॅब आणि आयसीयू त्या वेळी चालू असतील का, हेही विचारावे. असे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

मोतीबिंदूसारख्या छोट्या ऑपरेशनला शनिवार चालेल. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या वयस्कर माणसाच्या पोटाचे मोठे ऑपरेशन असेल, तर मी सोमवार किंवा मंगळवारच मागेन, मुलाला दोन दिवस रजा घ्यावी लागली तरी. अपेंडिक्स फुटण्यासारख्या तातडीच्या प्रसंगाला मात्र यातले काहीही लागू नाही. तिथे वार पाहत थांबणे हाच धोका आहे.

रुग्णालयांनीही शुक्रवारी-शनिवारी दाखल करून घेताना रविवारच्या ड्युटी डॉक्टरचे नाव आणि फोन नंबर नातेवाइकांना लिहून द्यावा.