‘लाइकचे पैसे मिळतात, दहा लाख व्ह्यूज म्हणजे दहा लाख रुपये’: या मेसेजमधलं काय खोटं, काय खरं

व्हॉट्सॲपच्या गटांवर एक मजकूर वरचेवर फिरतो. शब्द थोडे बदलतात, आशय तोच: हजार सबस्क्रायबर झाले की यूट्यूबचा पगार सुरू, प्रत्येक लाइकला पैसे, दहा लाख व्ह्यूजला दहा लाख रुपये, तरी ही यूट्यूबर मंडळी मध्येमध्ये जाहिराती घुसडतात, कंपन्यांकडून वेगळे पैसे घेतात आणि वर प्रेक्षकांकडे मेंबरशिप, म्हणजे चॅनेलची दरमहा वर्गणी, मागतात. असं वाचून कुणी कर्ज काढून कॅमेरा घेतं, कुणी रेसिपी दाखवणाऱ्या ताईंना कमेंटमध्ये ‘फुकट कमावताय’ सुनावतं. म्हणून एकेक दावा तपासायला हवा.

‘हजार सबस्क्रायबर म्हणजे पगार.’ ही अर्धीच अट झाली. सोबत मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं गेलेलं असावं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंचे, १ कोटी व्ह्यूज. शॉर्ट्स फीडमध्ये पाहिलेला वेळ त्या ४,००० तासांत धरत नाहीत; कित्येक चॅनेल इथेच अडकतात. २०२३ पासून ५०० सबस्क्रायबरची खालची पायरी आहे, पण तिथे मेंबरशिप, सुपर थँक्स (प्रेक्षकाने व्हिडिओसाठी खुशीने दिलेले पैसे) यांसारख्या सोयी मिळतात, जाहिरातींचा वाटा मिळत नाही. अट पुरी झाल्यावर अर्ज करायचा, मग चॅनेलची तपासणी होते. दुसऱ्यांच्या क्लिपा जोडून केलेलं चॅनेल इथेच नाकारलं जातं.

‘लाइकचे आणि सबस्क्राइबचे पैसे.’ एक पैसाही मिळत नाही.

‘दहा लाख व्ह्यूज, दहा लाख रुपये.’ मेसेजमधला सर्वांत घातक दावा हाच, कारण लोक यावर हिशेब मांडून मोकळे होतात. जाहिरातदार पैसे मोजतो ते जाहिरात दाखवली गेल्याचे. प्रत्येक व्ह्यूला जाहिरात लागत नाही: कधी त्या वेळी जाहिरातच उपलब्ध नसते, कधी प्रेक्षक जाहिराती अडवणारा ॲडब्लॉकर वापरतो, कधी विषयामुळे व्हिडिओला पिवळं डॉलरचिन्ह लागून जाहिराती मर्यादित होतात. समजा, १ लाख व्ह्यूजमध्ये ४०,००० वेळा जाहिरात दिसली आणि हजार वेळांचा दर, म्हणजे सीपीएम, ८० रुपये पडला. जमा झाले ३,२०० रुपये. लांब व्हिडिओवर क्रिएटरचा, म्हणजे व्हिडिओ करणाऱ्याचा, वाटा ५५ टक्के, म्हणजे १,७६० रुपये. एकूण व्ह्यूजशी भागलं तर दर हजारी १७ रुपये ६० पैसे. यालाच आरपीएम म्हणतात. आकडे उदाहरणापुरते आहेत. विषय, महिना आणि प्रेक्षकाचा देश बदलला की दर कित्येक पटींनी हलतो. म्हणूनच दुसऱ्याच्या कमाईचा स्क्रीनशॉट बघून स्वतःचा अंदाज बांधू नये, आणि सीपीएमला आरपीएम समजू नये.

शॉर्ट्सचं गणित आणखी वेगळं. फीडमधल्या जाहिरातींचे पैसे एकत्र जमा होतात. ज्या शॉर्टमध्ये एक गाणं असतं, त्याच्या व्ह्यूजमागचे निम्मे पैसे आधी संगीताच्या हक्कांकडे जातात. दोन गाणी असतील तर दोन तृतीयांश. उरलेली सामाईक रक्कम देशवार व्ह्यूजच्या प्रमाणात वाटतात आणि आपल्या वाट्याला आलेल्यातले ४५ टक्के क्रिएटरला मिळतात. गाणं न वापरणाऱ्यालाही ४५ टक्केच.

आलेले पैसेही लगेच हातात पडत नाहीत. यूट्यूबच्या कमाईच्या खात्यात १० डॉलर झाले की पत्ता पडताळणीचा पिन टपालाने येतो. गावाचा पत्ता अर्धवट लिहिला असेल तर तो पोचत नाही, आणि चार महिन्यांत पिन भरला नाही तर कमाई थांबवली जाते. मग किमान १०० डॉलर साठावे लागतात. ते झाले की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान रक्कम निघते. अमेरिकेत प्रेक्षक असोत वा नसोत, डब्ल्यू-८बीईएन हा अमेरिकी करफॉर्म आधी भरावा. भारत-अमेरिका करकरारानुसार भारतीयांच्या फक्त अमेरिकी प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईतून १५ टक्के कर कापतात. फॉर्म नसेल तर जगभरच्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते.

‘जाहिराती तेच घुसडतात.’ थोडं खरं. ८ मिनिटांच्या किंवा त्याहून लांब व्हिडिओत मध्ये कुठे जाहिरात यावी हे क्रिएटर ठरवू शकतो, आणि ऐन वाक्यात जाहिरात आली तर जागा नीट न पाहिल्याची तक्रार रास्तच आहे. पण सुरुवातीची जाहिरात स्किप करता येणारी हवी की नको, हे स्वतंत्रपणे निवडण्याची सोय नोव्हेंबर २०२३ पासून उरलेली नाही. ज्यांचं मॉनेटायझेशनच झालेलं नाही, म्हणजे जाहिरातींची कमाई सुरूच झालेली नाही, अशा छोट्या चॅनेलवरही यूट्यूब जाहिरात लावू शकतं; त्यातला छदामही त्या क्रिएटरला मिळत नाही. अशा चॅनेलवर जाऊन हावरट म्हणणं हा सरळ अन्याय आहे. आणि मदत म्हणून मुद्दाम पुन्हापुन्हा जाहिरातींवर क्लिक कधीही करू नका: असे क्लिक अवैध धरून पैसे वळते केले जातात, प्रसंगी खातंही बंद होतं.

‘मेंबरशिप मागतात.’ ती ऐच्छिक आहे. कर आणि ॲप स्टोअरचं शुल्क वजा जाता उरलेल्यातले ७० टक्के क्रिएटरला मिळतात, जाहिरातीपेक्षा बराच मोठा वाटा.

‘कंपन्यांकडून वेगळे घेतात.’ घेतात, आणि घेण्यात गैर काही नाही. राग यायला हवा तो लपवण्याचा. भारतीय जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे एएससीआयची, मार्गदर्शक तत्त्वं १४ जून २०२१ पासून लागू आहेत. व्हिडिओ २ मिनिटांचा किंवा मोठा असेल तर उत्पादनाबद्दल बोलणं चालू आहे तोपर्यंत जाहिरातीचं लेबल पडद्यावर दिसायला हवं. वर्णनाच्या तळाशी हॅशटॅगच्या गर्दीत टाकलेलं चालत नाही. पैसे न घेता नुसता फोन किंवा मिक्सर भेट मिळाला तरी सांगावं लागतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाख, पुन्हा केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि शिफारस करणाऱ्यावर पहिल्यांदा एक वर्षापर्यंत, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते.

‘पेड प्रमोशन’ची पट्टी नसलेल्या व्हिडिओत एकाच कंपनीचा कूपन कोड आणि खरेदीची लिंक दिसली, तर कमेंटमध्ये थेट विचारा: पैसे किंवा वस्तू मिळाली का? उत्तर टाळलं, तर व्हिडिओची लिंक, तो भाग किती मिनिटांनी येतो ती वेळ आणि स्क्रीनशॉट जोडून एएससीआयकडे तक्रार करा. वस्तू घेऊन फसगत झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.