इलियडमध्ये टाच नाहीच

'अकिलीज हील' या इंग्रजी वाक्प्रचारावरचा लेख आवडला. बलाढ्य माणसाची एकमेव दुबळी जागा, हा अर्थ छान उलगडलाय. फक्त ग्रीक वीर अकिलीजच्या टाचेची गोष्ट होमरच्या 'इलियड' या ट्रॉय युद्धावरच्या महाकाव्यातली आहे असं म्हटलंय, तेवढं दुरुस्त व्हायला हवं. इलियडमध्ये या दुबळ्या टाचेचा पत्ताच नाही. अकिलीज तिथे अभेद्यही नाही. २१व्या सर्गात ट्रॉयच्या बाजूने लढणारा अ‍ॅस्टेरोपायस दोन्ही हातांनी एकदम दोन भाले फेकतो. एक ढालीवर अडतो, दुसरा अकिलीजच्या उजव्या हाताला कोपराजवळ चाटून जातो आणि चांगलं रक्त येतं. शिवाय काव्य ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यसंस्कारावर संपतं, तोवर अकिलीज जिवंतच असतो.

अकिलीजच्या आईने, थेटिसने, बाळाला पाताळातल्या स्टिक्स नदीत बुचकळलं (धरलेली टाच तेवढी कोरडी, म्हणून दुबळी राहिली), ही कथा आज उपलब्ध साहित्यात प्रथम सापडते ती रोमन कवी स्टेशियसच्या अपूर्ण राहिलेल्या काव्यात, इसवी सनाच्या पहिल्या शतकात. म्हणजे होमरनंतर सुमारे ८०० वर्षांनी! इंग्रजीत कवी कोलरिजने १८१०मध्ये आयर्लंडला ब्रिटिश अकिलीजची टाच म्हटलं, तो या प्रयोगाचा गाजलेला जुना दाखला.

लेखात शेवटी दुर्योधनाच्या मांडीची आठवण काढलीय, ती अगदी चपखल. पण गांधारीने डोळ्यांवरची पट्टी सोडून पाहिलं ही गोष्टसुद्धा मागाहून लोकांत रुजलेली. महाभारताच्या वनपर्वात दानव दुर्योधनाला वेगळंच सांगतात: कमरेवरचं शरीर शंकराने वज्राचं घडवलं, खालचं पार्वतीने फुलांचं. लेखात हे जरूर जोडा, ही विनंती.