दुप्पट पैशाचं गरम पाणी

आमचा गिझर मेला तो ऐन आषाढात. बेळगावचा आषाढ म्हणजे वाळत घातलेला टॉवेल चौथ्या दिवशीही ओलाच. अशात गार पाण्यानं आंघोळ करायला कुणी तयार होईना, म्हणून मला खडेबाजारात पिटाळण्यात आलं.

दुकानात दोन गिझर शेजारी शेजारी टांगलेले. एक पाच हजारांच्या आतबाहेर, दुसरा जवळपास दुप्पट. दोन्ही 15 लिटरचे, दोन्ही 2 किलोवॅटचे, दोन्ही पांढरे. मी तिथंच हिशेब मांडला. 20 अंशांचं पाणी 60 वर न्यायला दोघांनाही साधारण 21 मिनिटं आणि 0.7 युनिट वीज लागणार. कंपनी कुठली, हे पाण्याला कळत नाही.

"मग वरचे पैसे कशाचे वो?"

"आतल्या मालाचे, साहेब."

आतला माल म्हणजे टाकीचं काचेचं अस्तर, जाड फोम आणि मॅग्नेशियमची एक कांडी. ही कांडी स्वतः झिजते आणि टाकीला गंजू देत नाही. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेसारखी! पण यातलं काहीच बाहेरून दिसत नाही. दिसतात ते फक्त लेबलावरचे वीजबचतीचे तारे. तापलेलं पाणी नुसतं ठेवलं तर किती वीज वाया जाते, त्यावरून ते मिळतात. म्हणजे ते बटण बंद करायला विसरणाऱ्यांसाठी. आमच्याकडे बटण चालू राहिलं तर आईच दिवसा तारे दाखवते, त्यामुळं ते पैसे मी मनातल्या मनात वजा केले.

घरी बैठक बसली. आई म्हणाली, "सरकारच्या गृहज्योती योजनेत वीज फुकट मिळते, मग कसले तारे घेऊन बसलास?" आप्पांनी चष्मा पुसला. "200 युनिट ही वरची हद्द. आपल्याला मिळतात 2022-23 च्या आपल्या सरासरी वापरावर दहा टक्के जास्त. त्याच्या वर गेलं की बिल." त्या वर्षी आम्ही इतकी काटकसर का केली, यावर मग तासभर वाद झाला. पुण्याच्या मेव्हण्यानं फोनवरून महागडाच घ्या म्हणून सांगितलं. पैसे त्याला द्यायचे नव्हते.

मी दोन्हींची वॉरंटीपत्रं वाचायला घेतली. टाकीची वर्षं ठळक अक्षरात, कॉइलची त्याहून कमी वर्षं त्याहून बारीक अक्षरात, आणि जड, म्हणजे क्षारांच्या, पाण्याची अट मुंगीच्या अक्षरात.

शेवटी जुना गिझर उतरवायला आलेल्या मेकॅनिकलाच विचारलं. त्यानं आधी मलाच विचारलं, "बोर नीर ऐत्री?" बोअरचंच होतं. त्यानं जुनी कॉइल बाहेर ओढली. तिच्यावर बोटभर पांढरा थर. "हे दोन्हीत बसतंय. वर्षाला एकदा उघडून साफ करा, कांडी बदला. स्वस्तातलाबी चालतोय."

"आणि नाही साफ केलं तर?"

"महागातल्याचं पार्ट महाग."

स्वस्तातला घेतला. बसवायला तोच आला, आणि जाताना त्यानं दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं आपला नंबर लिहिला, दोन्ही कंपन्यांच्या नावांसकट.